आबांचं नाक आणि प्रश्न चोविसावा

डोंबिवलीला लागून असलेल्या कोपरच्या शिवतेज सोसायटीत फसलेल्या कार्यक्रमांची काही कमी नाही. कोजागिरीला गच्चीवर दूध आटवायला ठेवलं आणि पाण्याचा टँकर आला म्हणून सगळे बादल्या घेऊन खाली पळाले. हळदीकुंकवाला वाण म्हणून दिलेल्या डब्यांची झाकणं दुसऱ्याच डब्यांची निघाली. पण दर्शनाने घेतलेली सराव परीक्षा फसली असं कुणीच म्हणत नाही. उलट ती फार शिस्तीत पार पडली असंच सगळे अजून म्हणतात. आणि नेमकं तेच कानावर आलं की दर्शना जिन्यात चपलेचा बंद नीट करायला खाली वाकते. चपलेला बंद नसला तरी वाकते.

सुरुवात अगदीच साधी होती. अमृताच्या शाळेच्या ग्रुपवर मेसेज आला : ‘बालप्रज्ञा शोध परीक्षा, इयत्ता दुसरी, ऐच्छिक.’ आता ऐच्छिक हा शब्द छापलेला असतो, तो डोळ्यांना दिसतोही, पण आईच्या मेंदूपर्यंत पोचत नाही असं दिसतं. त्यात शेजारच्या विंगमधल्या शौनकने मागच्या वर्षी याच परीक्षेत पदक मिळवलेलं, आणि त्याची आई शिवानी हिने त्या पदकाचा फोटो ग्रुपवर एकदा समोरून, एकदा मागून आणि एकदा आजीच्या गळ्यात घालून टाकलेला. दर्शनाने तिन्ही फोटोंना टाळ्या वाजवल्या होत्या. मनातून वाजवल्या होत्या असं तिचंही म्हणणं नाही.

तिने नमुना प्रश्नपत्रिका आणली आणि अमृतासमोर ठेवली. या परीक्षेत लिहायचं काही नसतं. प्रश्नासमोर चार गोळे असतात, त्यातला बरोबर उत्तराचा गोळा पेन्सिलने काळा करायचा. अमृताने जीभ बाहेर काढून फार मन लावून गोळे काळे केले. कागद बघितल्यावर दर्शनाच्या लक्षात आलं की पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, मग परत तिसरा, दुसरा, पहिला असे गोळे नागमोडी खाली गेलेत.

“साप आहे,” अमृता म्हणाली. “शेपूट मागच्या पानावर आहे.”

“अगं, प्रश्न वाचलेस का?”

“वाचले ना. पण उत्तरं लिहिली असती तर साप मध्येच तुटला असता.”

दर्शनाने मग एकेक प्रश्न तोंडी विचारला. गटात न बसणारा ओळखा : कावळा, चिमणी, पोपट, वटवाघूळ.

“पोपट,” अमृता म्हणाली.

“पोपट कसा? नीट बघ.”

“बाकीचे सगळे मोकळे आहेत. पोपट समोरच्या सर्वेशदादाकडे पिंजऱ्यात आहे.”

उत्तरसूचीत वटवाघूळ लिहिलं होतं. दर्शनाने सूची पाहिली, मुलीकडे पाहिलं, आणि सूची पालथी ठेवली. उत्तर चुकलं म्हणून ठेवली असती तर ठीक होतं. तिला क्षणभर तेच उत्तर जास्त बरोबर वाटलं, म्हणून ठेवली.

आता इथे आबांबद्दल सांगायला हवं. आबा म्हणजे दर्शनाचे सासरे, सखाराम. डोंबिवलीतल्या एका रंगाच्या कंपनीत त्यांचं सगळं आयुष्य गेलं. रिटायर होताना कंपनीने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि नाक ठेवून घेतलं. म्हणजे नाक जागेवर आहे, चष्मा त्याच्यावरच टेकतो, पण वास म्हणून काही येत नाही. म्हणून अमृता बोलायला लागल्यापासून आबांचं नाक तीच. सकाळी ती गॅलरीत उभी राहून बातम्या द्यायची. “आबा, खाली सुकट भाजतायत. वासंतीआजींकडे कापूर लावलाय. लिफ्टमधून कोणीतरी ओला कुत्रा नेलाय.” आबा पेपर बाजूला ठेवून विचारायचे, “ओला म्हणजे कसा? नीट सांग.” आणि मग नीट सांगता सांगता पोरगी कुठल्या कुठे जायची. दूध नासलंय का हेही आबा तिलाच विचारत. “नासलं नाही आबा, नुसतं रुसलंय.” हॉलमधल्या बाबासाहेबांच्या फोटोखाली आबांची खुर्ची होती. तिथे बसून ते म्हणत, “विचार गं, अजून विचार. विचारलं नाही तर डोकं गंजतं.” मग अमृता विचारायची. ओहोटी लागली की खाडी कुठे जाते? आबांना उत्तर आलं नाही की त्यांना फार आनंद व्हायचा.

परीक्षेच्या अभ्यासक्रमात मात्र वासाला जागा नव्हती. दर्शनाने शोधून पाहिलं होतं.

नमुना प्रश्नपत्रिकेतल्या सापाची गोष्ट दर्शनाने चुकून शिवानीला सांगितली. शिवानीने कपाळावर हात मारला. “दर्शना, तिला एक्झामचं अ‍ॅटमॉस्फिअरच नाहीये गं. शौनकला आम्ही टायमर लावून जेवायला बसवायचो. ऑलवेज टायमर. आता तो टायमर लावल्याशिवाय जेवतच नाही, पण स्पीड बघ त्याचा!”

दुसऱ्या मजल्यावरच्या वासंतीकाकू निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांची भाषा अजून फळ्यावर लिहिल्यासारखी असते. त्या म्हणाल्या, “पर्यायांची सवय लावायला हवी. लहान मुलांचं मन फार पसरट असतं. त्याला चार कोपरे द्यावेत.”

दर्शनाने ते चार कोपरे त्याच दिवशी दिले. रात्रीच्या भाजीला तिने विचारलं, “पर्याय एक भेंडी, दोन गवार, तीन पडवळ, चार वरीलपैकी एकही नाही. बोल.”

“चार,” अमृता म्हणाली.

आबाही हळूच म्हणाले, “माझाही चारच.”

हा प्रयोग दर्शनाने लगेच बंद करायला हवा होता. पण प्रशिक्षण म्हटलं की माघार घेता येत नाही. फ्रॉक कुठला, चार पर्याय. गोष्ट कुठली, चार पर्याय. अमृता चटकन शिकली. इतकी शिकली की आबांनी “काय अमू, बरी आहेस ना?” असं विचारलं तर ती “दोन” म्हणून खेळायला निघून जायची. आबा दिवसभर विचार करत बसायचे की दोन म्हणजे बरं की वाईट.

सकाळच्या वासांच्या बातम्याही हळूहळू आटत गेल्या. “कसला वास येतोय गं?” असं आबांनी विचारलं की अमृता वाट बघत उभी राहायची. “पर्याय सांगा ना आबा.” आबांना वासाचे पर्याय कुठून सुचणार? ते परत पेपर वाचायला लागायचे. एकदा जेवताना अमृताने विचारलं, “आई, ओहोटी लागली की खाडी...” आणि स्वतःच थांबली. “जाऊ दे. पेपरात नाही येणार.” दर्शनाला तेव्हा वाटलं, वा! पोरगी फोकस्ड झाली. तिने तसं नवऱ्यालाही सांगितलं. राजरत्न त्या वेळी शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये होता. तो ऐरोलीला नोकरी करतो म्हणून सांगतो, पण त्याचं खरं वास्तव्य शीळफाट्याला असतं. तो फोनवर म्हणाला, “छान. पण दर्शू, ती आजकाल बोलत का नाही?”

“अभ्यास करतेय,” दर्शना म्हणाली.

सराव परीक्षेची कल्पना कोणाची, यावर आता दोन मतं आहेत. दर्शना म्हणते शिवानीची आणि शिवानी म्हणते दर्शनाची. जे काय असेल ते असो, परीक्षेच्या वातावरणासाठी हॉल हवा आणि हॉलच्या किल्ल्या सेक्रेटरी संदेश म्हात्रेकडे. म्हात्र्यांची जमीन याच गावातली, बिल्डिंग तिच्यावरच उभी आहे, त्यामुळे संदेश सेक्रेटरीपद वतनासारखं सांभाळतो. त्याने रजिस्टर उघडलं.

“वैनी, हॉल पूजेला देतो, बारशाला देतो, साखरपुड्याला देतो, सभेला देतो. परीक्षा कुठं बसत नाय. कशात बसवू सांगा.”

“सभेत बसवा ना.”

“सभा म्हणजे नोटीस लावावी लागंल. मंग कोरम. मंग गळतीचा विषय निंघंल. गळतीचा विषय निंघला का तुमची परीक्षा दिवाळीत.”

“मग?”

“बारशात टाकतो. बारशाला कोणी काय विचारत नाय.”

अशा रीतीने परीक्षेची नोंद बारसं म्हणून झाली. मग एका मुलीसाठी हॉल दिला तर भेदभाव होतो, म्हणून पहिली ते चौथीची सगळी मुलं आली. मुलं आली म्हणून आईबाप आले. आईबाप आले म्हणून हॉलतिकीट आलं, कारण “सवय लागायला हवी.” हॉलतिकिटावर फोटो हवा. फोटोत कान दिसायला हवेत, असं कोणीतरी म्हणालं. का ते कोणी विचारलं नाही. त्या आठवड्यात सोसायटीतल्या मुलींच्या बटा कानांमागे खोचलेल्या अवस्थेत सगळीकडे दिसत होत्या.

पेपर वासंतीकाकूंनी काढला. पण दर्शनानेही हट्टाने एक प्रश्न घातला. नुसतं गणित आणि भाषा म्हणजे शिक्षण नव्हे, मुलांना आयुष्यात उपयोगी पडेल असं काही पेपरात असलं पाहिजे, असं तिने काकूंना बजावून सांगितलं. तोच प्रश्न क्रमांक चोविसावा :

‘घरात काही जळल्याचा वास आल्यास तुम्ही प्रथम काय कराल? (१) दुर्लक्ष करीन. (२) लपून बसेन. (३) तत्काळ मोठ्या माणसांना सांगेन. (४) खेळायला जाईन.’

काकूंनी चष्म्यावरून बघून “उत्तम. जीवनाभिमुख,” असा शेरा दिला. दर्शना त्या शब्दावर दोन दिवस तरंगत होती.

रविवार उजाडला. बक्षिसांच्या कंपासपेट्या आणि पेन्सिली आणायला राजरत्न कल्याणला जाणार होता, पण ऑफिसने अर्धा दिवस बोलावलं, आणि मग तो परतीच्या वाटेवर नेहमीच्या ठिकाणी अडकला. मुलांना पेपरनंतर गोड द्यावं म्हणून दर्शनाने शेवयांची खीर करायला घेतली. दूध भरपूर, साखर सढळ, मोठं जाड बुडाचं पातेलं. उकळी आली तशी तिने गॅस बारीक केला. मुलांना बसवून, सूचना देऊन पटकन वर यायचं, असा बेत होता. आबा आतल्या खोलीत दुपारचे झोपले होते. तिने दार नुसतं लोटून घेतलं आणि ती गळ्यात ‘पर्यवेक्षक’ लिहिलेला बिल्ला घालून खाली गेली. बिल्ला शिवानीने केला होता. त्याला चमकी लावली होती. तो घातल्यावर माणूस थोडा ताठ होतो, हे दर्शनाला कबूल आहे.

हॉलमध्ये पहिल्या रांगेत गंगुबाई बसलेल्या. तळमजल्यावरच्या गंगुबाईंनी वॉचमनला विचारलं होतं आज काय आहे, आणि वॉचमनने रजिस्टर बघून बारसं म्हणून सांगितलं होतं. त्या नवं लुगडं नेसून, मांडीवर झबलं-टोपडं घेऊन आल्या होत्या.

“बाळंतीन कुठाय गं?”

“आजी, परीक्षा आहे.”

“आधी बाळाचं नाव ठिवा, मग घ्या परिक्षा. आजकालची घाई!” असं म्हणून त्या तिथेच बसून राहिल्या.

दर्शनाने सूचना वाचल्या. बोलायचं नाही. मागे बघायचं नाही. काहीही झालं तरी जागेवरून उठायचं नाही. जो हॉलबाहेर जाईल त्याला परत घेतलं जाणार नाही. मुलांनी माना हलवल्या. खिडक्यांना टेकून उभ्या असलेल्या आईबापांनीही माना हलवल्या. पेपर वाटताना शिवानी कुजबुजली, “तुझीच मुलगी बसलीये, तेव्हा तू जास्त स्ट्रिक्ट राहा हां. नाहीतर लोक काय म्हणतील.”

लोक काय म्हणतील याची दर्शनाने इतकी काळजी घेतली की वर जायचं ती विसरूनच गेली.

मुलं गोळे काळे करत होती. हॉलमध्ये पेन्सिलींचा खरखर आवाज भरला होता. त्या आवाजाने दर्शनाला भरून आलं. एवढी मुलं, एवढी शांतता, आणि हे सगळं तिने घडवून आणलेलं. तेवढ्यात खिडकीतला एक बाबा नाक फेंदारून म्हणाला, “कसला वास येतोय?”

आता डोंबिवलीच्या माणसाला वास आला की तो कधीही स्वतःच्या घराकडे बघत नाही. इथे वासाचा एक ठरलेला पत्ता आहे. “वारा फिरलाय,” दुसरा म्हणाला. “कंपन्यांनी सोडलं असेल काहीतरी. रविवारीच सोडतात.”

“गोडसर आहे नाही?”

“परवा आलेला तोपण गोडसरच होता. घसा धरून बसला माझा.”

“खिडक्या लावा, खिडक्या! मुलं आहेत आत!”

सगळ्यांनी तत्परतेने खिडक्या लावल्या आणि पंखे पाचावर केले. वास जिन्यातून आत येत होता, तो आता बाहेर जाईना. गंगुबाईंनी पदर नाकाला लावला.

अमृताने हात वर केला.

दर्शना तिच्या बाकाशी गेली. “काय झालं? पेन्सिल हवी?”

“आई, वास—”

“शू! परीक्षेत बोलायचं नाही. फक्त पेपराबद्दल विचारता येतं.”

अमृताने पेपराकडे बघितलं. मग बोट ठेवलं. “चोवीसबद्दल आहे.”

“चोविसावा प्रश्न सोपा आहे. मी उत्तर सांगू शकत नाही.”

“उत्तर नको. आई, खरंच जळतंय. आपलं दूध—”

खिडकीतून शिवानी बघत होती. वासंतीकाकू बघत होत्या. सगळे आईबाप बघत होते की पर्यवेक्षिका स्वतःच्या मुलीशी काय बोलतेय. दर्शनाची कानशिलं तापली. आणि तिने बिल्ल्यावर हात ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा स्पष्ट आवाजात सांगितलं, “अमृता, आत्ता मी तुझी आई नाहीये. मी पर्यवेक्षक आहे. खाली बस.”

अमृता खाली बसली. तिने परत एकदा हवा हुंगली. पुढे जे झालं ते दर्शनाला अजून जसंच्या तसं दिसतं. पोरीने पेन्सिल बाकावर आडवी ठेवली, ती घरंगळू नये म्हणून खोडरबराने अडवली, आणि ती उठली.

“बाहेर गेलीस तर परत घेणार नाही मी!”

अमृताने मान हलवली, म्हणजे सूचना समजली आहे. आणि गेली.

सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी दर्शनाला स्वतःचा अभिमान वाटला. दाराशी कोणीतरी म्हणालं, “बघा, स्वतःच्या मुलीलाही सोडलं नाही!” वासंतीकाकूंनी मान डोलावली. दर्शना हाताची घडी घालून दोन रांगांमधून फिरू लागली. मुलं चोविसाव्या प्रश्नापर्यंत पोचली होती. जळक्या वासाने भरलेल्या त्या हॉलमध्ये, डोळे चोळत, खोकत, एकेक मूल पर्याय क्रमांक तीनचा गोळा काळा करत होतं. नीट. गोळ्याच्या बाहेर न जाता. आणि ‘तत्काळ सांगायची’ ती मोठी माणसं काचेला नाक लावून कौतुकाने बघत होती.

मग बाहेरून संदेशची आरोळी आली. “अगो वैनी! यो धूर कंपनीचा नाय! तुमचेच खिडकीतून येतंय!”

दर्शना जिना कसा चढली ते तिला आठवत नाही. एवढंच आठवतं की मध्येच तिच्या डोक्यात एक वाक्य आलं आणि ते प्रत्येक पायरीला परत येत राहिलं : आबांना वास येत नाही. आबांना वास येत नाही. हे तिला माहीत होतं. लग्न होऊन आल्यापासून माहीत होतं.

दार सताड उघडं होतं. पॅसेजमध्ये बनियनवर आबा बसले होते, खोकत, डोळ्यांतून पाणी. अमृता त्यांच्या पाठीवर हात फिरवत होती. आत धूर होता पण गॅस बंद होता, खिडक्या उघड्या होत्या. शेगडीवर पातेलं, पातेल्यात कोळसा. वरच्या फळीवरचा प्लास्टिकचा डबा वितळून खाली लोंबत होता. त्याच्या शेजारी पडदा होता, एका बाजूने तपकिरी झालेला. दर्शनाने त्या पडद्याची तपकिरी कड हातात धरली, ती कुस्करून खाली पडली.

“मी गॅसला हात नाही लावला,” अमृता घाईघाईने म्हणाली. “आबांचे पाय ओढले. ते उठतच नव्हते. मग अंगठा चावला. मग आबांनी गॅस बंद केला.”

“दात चांगलेत हां पोरीचे,” आबा खोकत म्हणाले.

“तू... तू का गेलीस वर?” दर्शनाने विचारलं. प्रश्न मूर्खपणाचा होता. 

अमृताला तो मूर्खपणाचा वाटला नाही. तिने समजावून सांगितलं. “मोठ्यांना सांगायचं होतं ना, ते तुला सांगितलं. पण तू पर्यवेक्षक होतीस. मग मोठे आबाच राहिले. आणि आबांना वास येत नाही.”

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण सोसायटीतली परीक्षा एकदा सुरू झाली की ती पर्यवेक्षिकेच्या घराला आग लागली म्हणून थांबत नसते. खाली वासंतीकाकूंनी वेळ पाळली, घंटा दिली, पेपर गोळा केले आणि तिथेच तपासले. अमृता सोडून एकही मूल जागेवरून उठलं नव्हतं. कोणी उठायला सांगितलंच नव्हतं. निकाल जाहीर करायला दर्शनानेच यावं असा निरोप आला, कारण हॉल तिच्या नावावर होता. ती आली. केसांना धुराचा वास, गळ्यात चमकीचा बिल्ला, तो काढायचंही भान नव्हतं.

तिने यादी वाचली. शौनक पहिला. टाळ्या. दुसरा, तिसरा, टाळ्या. यादी खाली खाली जात होती. सगळ्यात शेवटी अमृता. अर्धे गोळे पांढरे. दर्शना थांबली. मग काकूंनी आपल्या सुवाच्य अक्षरात खाली लिहिलेली टीपही तिला वाचावी लागली : ‘प्रश्न क्रमांक चोवीस : एक विद्यार्थिनी वगळता सर्वांचे उत्तर अचूक.’

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. 

“नेक्स्ट टाइम होईल गं,” शिवानी दबक्या आवाजात म्हणाली. “थोडा सराव वाढव.” मग तिचं लक्ष शौनककडे गेलं. तो खोकत होता. डोळे लाल. “काय रे, वास येत होता तर सांगायचं नाही का?”

“बोलायचं नव्हतं ना,” शौनक म्हणाला. “टायमर चालू होता.”

शिवानीने रुमाल काढून त्याचे डोळे पुसले. 

वासंतीकाकू अमृताचा पेपर हातात घेऊन बराच वेळ बघत होत्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “रिकाम्या जागेला गुण देता येत नाहीत, दर्शना,” त्या म्हणाल्या. “नियमच आहे तसा. मी आयुष्यभर पाळला.” मग जरा कमी सुवाच्य आवाजात, “किती पोरांच्या रिकाम्या जागा बघितल्या मी. कुठे गेला होतास, असं एकालाही विचारलं नाही.”

गंगुबाई उठल्या आणि झबलं-टोपडं अमृताच्या हातात ठेवून म्हणाल्या, “घे. भावलीला घाल. बारसं कोनाचं होतं ते मला अजून कललं नाय.”

त्यानंतर राजरत्न आला. दोन्ही हातांत कंपासपेट्या, चेहऱ्यावर विजय. “सुटलो एकदाचा!” म्हणाला, आणि मग सगळ्यांची तोंडं बघून पेट्या खाली ठेवल्या. दुसऱ्या दिवशी फळ्यावर सोसायटीची नोटीस लागली : ‘बारशाच्या नावाखाली हॉल घेऊन परीक्षा घेऊ नयेत. तसेच परीक्षेच्या वेळी घरी खीर ठेवू नये.’ खाली संदेशची सही. रजिस्टरमध्ये कुठलाच रकाना नव्हता तरी त्याने हे बरोबर बसवलं.

पण ते दुसऱ्या दिवशी. त्या रविवारी संध्याकाळी दर्शना गॅलरीत पातेलं घासत बसली होती. नुसतं काळं. सुरीने खरवडलं, राख लावली, चिंच लावली. अमृता दाराशी उभी राहिली. आत यावं की नाही असं करत.

“आई.”

“हं.”

“आता तू आई आहेस का?”

दर्शनाने घासणी खाली ठेवली. हा प्रश्न कुठल्याच पेपरात येणार नाही. त्याला चार उत्तरं नाहीत. तिने ओल्या, काळ्या हातांनी पोरीला जवळ घेतलं, फ्रॉकवर दोन पंजे उमटले. “आहे गं. चुकलं माझं. तू सांगत होतीस आणि मी ऐकलं नाही. फार चुकलं.”

अमृताने जरा वेळ तपासून पाहिलं. मग तिचं समाधान झालं असावं. “मग विचारू?”

“विचार.”

“ओहोटी लागली की खाडी कुठे जाते?”

दर्शनाने तोंड उघडलं. एक समुद्रात, दोन... तिने तोंड मिटलं. “माहीत नाही मला,” ती म्हणाली. पोरीला असं तिने बहुधा पहिल्यांदाच सांगितलं. “चल, बघून येऊ.”

आबांनी शर्ट चढवला. राजरत्न बूट काढता काढता परत घालू लागला. चौघे स्टेशनच्या मागच्या वाटेने खाडीवर गेले. पाणी ओसरलेलं. चिखल लांबवर पसरलेला, त्यात एक होडी तिरकी रुतून बसलेली, बगळे चिखलात पाय टाकून उभे. खाडी कुठे गेली ते कोणालाच कळलं नाही. अमृता काठाकाठाने पुढे गेली, वाकून बघून आली, आणि म्हणाली, “गेली नाहीये. खाली बसलीये.”

खरी परीक्षा पुढच्या रविवारी होती. अमृताने ती दिली, गोळ्यांची पेन्सिल तिला आवडते म्हणून. तिचा निकाल अजून लागायचा आहे. दर्शनाने मात्र तो ग्रुप म्यूट केलाय.

पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी खाडीकाठच्या कठड्याला टेकून आबांनी डोळे मिटले. बऱ्याच दिवसांनी त्यांनी नातीला विचारलं, “काय गं नाका, आज कसला वास येतोय? नीट सांग.”

अमृताने आईकडे बघितलं.  पर्याय बाहेर पडू नयेत म्हणून दर्शनाने ओठ दाताखाली धरले होते. मग अमृताने नाक वर केलं आणि वेळ घेतला, हवा तेवढा.

“चिखलाचा येतोय, आबा, पण घाण नाही. बंद छत्री उघडल्यावर येतो ना, तसा. मग थोडा माशांचा. मग बाबांना बसमधला.” ती थांबली. आईच्या ओढणीशी जाऊन तिने परत एकदा खात्री करून घेतली, आणि आबांना खरं ते सांगितलं.

“आणि आईला अजून जळका.”